बोर्डो आणि बोर्दो

‘बोर्डो’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तासगावजवळच्या आमच्या बागेत. तेव्हा तो औषधाचा शब्द होता. एका बॅरलमध्ये मोरचूद विरघळत असायचं, दुसऱ्यात चुन्याची निवळी. आप्पा दोन्ही एकदम तिसऱ्या बॅरलमध्ये ओतायला लावायचे, काठीने ढवळायचे आणि विळ्याचं पातं त्यात बुडवून वर काढायचे. पात्यावर तांबूस झाक चढली की म्हणायचे, “चुना कमी पडलाय, अजून घाला.” पातं जसंच्या तसं निघालं की पंप भरायचा. ढगाळ हवा, पानांच्या मागे डावणी रोगाचा पांढरा बुरा आणि घरातल्या मोठ्या माणसांचे ओढलेले चेहरे, या सगळ्यासाठी माझ्या मनात तो एकच शब्द होता. फवारणी झाली की आप्पांचे हात, सदऱ्याच्या बाह्या, वेलींचे बुंधे, सगळं निळसर व्हायचं. माझ्यासाठी बोर्डो म्हणजे तो निळा रंग.

२०१० साली नोकरीच्या निमित्ताने मी फ्रान्समध्ये बोर्दोला राहायला आले, तेव्हा कळलं की हा शब्द एका शहराचा आहे. पहिल्याच वसंतात गाडीने मेदोकच्या, बोर्दोजवळच्या वाईनच्या पट्ट्याच्या, रस्त्याला लागलो. एका बाजूला जिरोंद नदीचं गढूळ, समुद्रासारखं रुंद पाणी आणि दुसऱ्या बाजूला कमरेएवढ्या वेलींच्या रांगा. सँ-ज्युलियाँ गावाशी सोबतच्या सहकाऱ्याने सांगितलं, ते मिश्रण इथलंच. १८८२ साली मिलार्दे नावाच्या बोर्दोच्या प्राध्यापकांना या भागात दिसलं, की बाकीच्या बागेची पानं डावणीने गळून गेली आहेत आणि रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत, विषारी वाटावीत, म्हणून मालकाने त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. १८८५ मध्ये मिलार्देंनी ते औषध जगाला सांगितलं. मी त्या रात्रीच आप्पांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हंजे आपली बाग त्या गावच्या चोरांनी वाचवली म्हणायची.”

आमच्या घरात दारू कधी आली नाही. आप्पा माळकरी आहेत. आषाढीची वारी त्यांनी फार थोड्या वेळा चुकवली असेल. आमचं द्राक्ष खायचं किंवा बेदाण्याचं. थॉमसन, नंतर तास-ए-गणेश. द्राक्षाचं आणखी काही होतं हे ऐकून माहीत होतं, एवढंच. इथे आल्यावरही दोन वर्षं मी समारंभात ग्लास हातात धरून उभी राहत असे. मला वाईनजवळ आणलं ते आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या आजोबांनी.

आम्ही शार्त्रोंमध्ये राहतो. जुन्या वाईन-व्यापाऱ्यांचा हा नदीकाठचा भाग, आणि इथल्या कितीतरी इमारतींखाली दगडी तळघरं आहेत. प्रत्येक बिऱ्हाडाला त्यात एक कुलपाची खोली. आजोबांनी ३८ वर्षं मेदोकमधल्या सँ-तेस्तेफ गावच्या एका शातोच्या, म्हणजे वाईन करणाऱ्या मळ्याच्या, पिंपघरात काम केलं होतं. पिंपं धुवायची, भरायची, एका पिंपातून दुसऱ्यात वाईन काढायची, दर पिंपामागे पाच-सहा अंड्यांचं पांढरं फेटून घालायचं, म्हणजे तरंगणारी घाण धरून ते तळाला बसतं. पिवळं उरतं त्याचं काय, म्हणून मी विचारलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीकडे बोट दाखवलं. बोर्दोचे ते काळपट-तपकिरी ‘कानले’ त्या उरलेल्या पिवळ्यातूनच आले, असं इथले लोक सांगतात.

२०१२ च्या हिवाळ्यात एकदा त्यांनी मला खाली बोलावलं आणि अर्धा ग्लास दिला. बाटली १९७८ ची होती, माझ्या जन्माआधीची. लेबल ओलीने खाल्लेलं. मी द्राक्षाच्या घरातली मुलगी, म्हणून आधी द्राक्षच शोधलं. ते तिथे नव्हतंच. पावसाने भिजून पुन्हा वाळलेल्या लाकडाचा वास होता. चामड्याचा, जुन्या वह्यांचा, आणि त्याच्या पाठीमागे कुठेतरी अगदी बारीक, वाळलेल्या गुलाबपाकळीसारखं गोड काहीतरी. तोंडात घेतल्यावर तुरटपणा जाणवला, पण तो टोचत नव्हता. जिभेवरून मऊ कापड ओढावं तसा सरकत गेला. मी आजोबांकडे बघत राहिले. ते म्हणाले, घाई करू नकोस, अजून दहा मिनिटांनी ती वेगळं सांगेल. आणि तिने सांगितलं.

तुरट हा शब्द माझ्याकडे होता, हे माझं नशीब. इथे वाईन शिकायला येणाऱ्या परदेशी मंडळींना टॅनिन म्हणजे काय हे समजावताना शिकवणाऱ्याची फार ओढाताण होते. चव की स्पर्श, कडू की कोरडं, यावर तास जातो. आपल्या सहा रसांत तुरट हा आपला हक्काचा रस आहे. जांभूळ, हिरडा, कच्चं केळं, कोवळी सुपारी खाऊन मोठं झालेल्या माणसाला जीभ आखडते म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. शिवाय तुरटाचे प्रकार आपल्याला माहीत असतात. जांभळाचं तुरट वेगळं, आवळ्याचं वेगळं. आवळ्यावर पाणी प्यायलं की गोड लागतं, तसाच काहीसा परतून येणारा गोडवा जुन्या मेदोकमध्ये असतो.

हा तुरटपणा येतो सालींतून आणि बियांतून. मेदोकची मुख्य द्राक्षजात काबर्ने सोव्हिन्यों. तिचा मणी लहान, साल जाड, आणि रसाच्या मानाने बी मोठी. रस सालींसकट आंबवतात, त्यामुळे रंग आणि तुरटपणा दोन्ही रसात उतरतात. पुढे वर्ष-दीड वर्ष २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात. एका पिंपात ३०० बाटल्या होतात. मग बाटली, आणि मग अंधार. त्या अंधारात रंगाचे कण आणि तुरटपणाचे कण एकमेकांना धरत जातात. साखळ्या लांबत जातात, जड होतात आणि शेवटी तळाशी बसतात. म्हणून जुन्या बाटलीत गाळ असतो, म्हणून तिचा तुरटपणा मऊ होतो, आणि म्हणूनच रंग उतरतो. आधी जांभळा, मग डाळिंबी, मग विटकरी. ग्लास तिरका करून पांढऱ्या कागदावर धरला, की कडेला मावळतीची नारिंगी दिसते.

मराठीत मी याला मुरणं म्हणते, आणि इथल्या लोकांनाही हा शब्द शिकवला आहे. लोणचं मुरतं, पाऊस जमिनीत मुरतो, माणूस कामात मुरतो. पण लोणच्यात आणि वाईनमध्ये एक फरक आहे, आणि तो मला फार महागात शिकावा लागला. लोणच्याला मिठाचा आणि तेलाचा पहारा असतो. मुरलं की ते तसंच बसून राहतं. वाईनला उतार आहे. ती चढते, काही वर्षं माथ्यावर रेंगाळते आणि मग उतरायला लागते. कुठल्या दिवशी उतार लागला हे बाहेरून कळायची सोय नाही.

२०१३ मध्ये आजोबांनी घर सोडून मुलीजवळच्या वृद्धाश्रमात जायचं ठरवलं. तळघर रिकामं करताना त्यांनी मला एक लाकडी खोकं दिलं. खोक्यात बारा बाटल्या, सँ-तेस्तेफच्या एका लहान शातोच्या, साल १९८६. फुकट घ्यायला मी तयार नव्हते आणि भाव सांगायला ते तयार नव्हते. शेवटी बाटलीला वीस युरोंवर तोडगा निघाला. एकच गोष्ट बजावून सांगितली. उघडायच्या आधी तीन दिवस उभी कर.

१९८६ हे मेदोकमधलं कडक वर्ष. कोरडा उन्हाळा, सप्टेंबरच्या उत्तरार्धात दणकून पाऊस, आणि मग पुन्हा ऊन. लवकर तोडलेली मेर्लो जातीची द्राक्षं त्या पावसात सापडली. उशिरा पिकणारी काबर्ने थांबली आणि तगली. त्यातून जी वाईन झाली ती इतकी तुरट, इतकी मिटलेली होती, की पहिली दहा-पंधरा वर्षं अनेकांनी ती उघडून पुन्हा नाक मुरडलं. सँ-तेस्तेफची जमीन मेदोकच्या खालच्या गावांपेक्षा चिकण. तिथली वाईन मुळातच करारी. अशा गावाची अशा वर्षाची वाईन म्हणजे दुहेरी कडकपणा. फ्रेंचमध्ये अशा वाईनला ‘व्हँ द गार्द’ म्हणतात, राखून ठेवायची वाईन.

पहिली बाटली मी वाया घालवली. कुठेतरी वाचलं होतं, की कडक वाईन चार तास आधी पसरट सुरईत ओतून ठेवावी. कोवळ्या वाईनसाठी ते खरंही आहे. मी २७ वर्षांच्या बाटलीला तेच केलं, आणि पाहुणे जेवायला बसले तेव्हा सुरईत फक्त आंबट, पातळ, दमलेलं काहीतरी उरलं होतं. पंचवीस-तीस वर्षं बुचाआडून चिमूट-चिमूट हवा घेत जगलेल्या गोष्टीला मी एकदम वाऱ्यात उभं केलं होतं. मला त्या रात्री झोप आली नाही. त्या माणसाने ती एवढी वर्षं सांभाळली आणि मी ती एका संध्याकाळी घालवली, हेच मनात फिरत राहिलं.

दुसरीचं बूच तुटलं. जुनं बूच साध्या मळसूत्राने ओढलं, की मधून भुगा होतो आणि खालचा अर्धा आत पडतो. तेव्हापासून मी ‘बिलाम’ वापरते. दोन पातळ पोलादी पात्या, एक जरा लांब. बूच आणि काच यांच्यामधून त्या डोलवत-डोलवत खाली सरकवायच्या आणि पिळत वर ओढायचं. बूच न टोचता अख्खं बाहेर येतं. बूच म्हणजे एका जातीच्या ओकची साल. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा सोलतात, मग दर नऊ वर्षांनी. ओढून काढलेलं जुनं बूच मी हातात घेऊन बघतेच. वरचं टोक बुरशीने काळं, खालचं टोक जवळजवळ काळं-लाल, आणि मधे ओल किती चढली आहे त्याची रेघ. उसाच्या बुंध्यावर पुराची खूण राहते ना, तशी.

तिसरी बाटली ‘बुशोने’ निघाली. बुचातल्या एका रसायनाने वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास लागतो. त्याचा अब्जांशाहूनही कमी अंश पुरतो. यात कुणाची चूक नसते आणि उपायही नसतो. त्या रात्री मी चौथी उघडली, आणि चौथी उत्तम होती. तिथे मला समजलं की एकाच खोक्यातल्या, एकाच पिंपघरातून एकाच दिवशी निघालेल्या, एकाच तळघरात शेजारी-शेजारी झोपलेल्या बाटल्या तीस वर्षांनी एकसारख्या राहत नाहीत. इथले जुने लोक म्हणतात, थोर जुनी वाईन असं काही नसतं, थोर बाटली असते.

यामुळेच लिलावाच्या बातम्या वाचताना माझा जीव कासावीस होतो. २०१८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात १९४५ च्या रोमाने-काँतीची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. फ्रान्सच्याच बर्गंडी भागातला तो मळा जेमतेम १.८ हेक्टरचा, आणि त्या वर्षी तिथे जुन्या वेलींची शेवटची तोडणी झाली. म्हणून तिचं मोल मला समजतं. पण एवढ्या पैशांची बाटली कोण कुठल्या संध्याकाळी उघडणार? १९८५ मध्ये लंडनला मेदोकच्या लाफित शातोची, १७८७ ची म्हणून विकलेली एक बाटली १,०५,००० पौंडांना गेली. ती प्रदर्शनात दिव्याखाली उभी ठेवली, बूच सुकलं आणि आत घसरलं. ती खरी होती का, यावर पुढे मोठा वाद झाला. आणि २००८ मध्ये बर्गंडीच्या पोंसो घराण्याचे लोराँ पोंसो स्वतः न्यूयॉर्कच्या लिलावात जाऊन उभे राहिले. त्यांच्या घराण्याच्या नावाने ज्या मळ्याच्या १९४५ पासूनच्या बाटल्या विकायला आल्या होत्या, त्या मळ्याची वाईन त्यांनी १९८२ पासूनच करायला सुरुवात केली होती. त्या धाग्यावरून बनावट बाटल्यांचं अख्खं घर उघडकीला आलं आणि रुडी कुर्नियावान नावाच्या माणसाला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. बाटल्या उघडल्या जात नाहीत, या भरवशावरच हा धंदा चालला होता. उघडल्या गेल्या असत्या, तर निदान काही जिभांनी तरी लवकर साक्ष दिली असती.

माझ्याकडे आज साठेक बाटल्या आहेत. त्यांत १८५५ च्या यादीतलं एकही नाव नाही. ती शातोंच्या प्रतवारीची यादी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी त्या वेळच्या भावांवरून केली होती, आणि आजही बाजार तिच्यावरच चालतो. वरच्या पायरीवर आजवर एकाच शातोला चढवलं, मूतों-रोथशिल्डला, १९७३ मध्ये. मी बिनयादीची मेदोक घेते, मादिरां घेते, लोआर नदीकाठची शिनों घेते. शिनोंमध्ये काबर्ने फ्राँ द्राक्षाची वाईन पांढऱ्या मऊ दगडात खोदलेल्या तळघरांत ठेवतात, आणि चांगल्या वर्षाची असली तर तीस वर्षं सहज टिकते. या बाटल्या विकायच्या नाहीत हे आधीच ठरलेलं आहे. मनाशी एकच हिशेब असतो, कुठली कधी उघडायची. आणि अनुभवाने सांगते, लवकर उघडून वाया गेलेल्या बाटल्यांपेक्षा उशिरा उघडून वाया गेलेल्या कितीतरी जास्त असतात.

आप्पा एकदाच इथे आले, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये. वहिनीच्या बाळंतपणामुळे आई थांबली. आप्पांनी येतानाच सांगून ठेवलं होतं, घटस्थापनेच्या आत परत, ऑक्टोबर छाटणी आहे. मी त्यांना मेदोकला नेलं. काबर्नेची तोडणी तोंडावर आली होती. गाडीतून उतरल्या-उतरल्या ते एका वेलीपाशी उकिडवे बसले, बुंध्यालगतची माती बोटांनी बाजूला केली आणि अंगठा एका गाठीवर ठेवला.

“हितं कलम भरलंय. खुंट दुसरा हाय.”

मी इथे आठ वर्षं राहून ती गाठ कधी पाहिली नव्हती. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या एका किड्याने फ्रान्समधल्या वेलींची मुळं खाल्ली. बागाच्या बागा वाळल्या. उपाय निघाला तो अमेरिकेतल्या रानवेलींची मुळं खाली आणि फ्रेंच डोळा वर. आमच्याकडे आप्पा डॉगरीजच्या खुंटावर पाचर कलम भरतात ते क्षारवट जमिनीसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी. डॉगरीजही टेक्सासच्या रानवेलींतलाच. म्हणजे तासगावची वेल आणि मेदोकची वेल, दोघींचे पाय एकाच खंडातले. हे सांगितलं तेव्हा आप्पांनी फक्त मान हलवली आणि उभे राहून रांगा मोजायला लागले. “मीटरभर अंतरावर वेल लावलीय. हेक्टरी दहा हजार झाली की. आणि घड किती? धा न्हाई तर बारा.” मांडवावर एकरी दहा-बारा टन काढणाऱ्या माणसाला हे बघवेना. मग एक मणी तोडून तोंडात टाकला, बी चावली, डोळे मिटले. “बी करकरीत झालीय. आठ दिवसांत तोडतील.” तोडणी बरोबर नवव्या दिवशी लागली.

पॉयाक गाव मागे टाकून, ओढा ओलांडून सँ-तेस्तेफच्या चढावर आलो की कॉस देस्तूर्नेल लागतं. पॅगोड्यासारखे मनोरे, कोरीव दरवाजा, हत्तींची चित्रं. आप्पांनी गाडी थांबवायला लावली. “हे कुणाचं देऊळ?” एकोणिसाव्या शतकात देस्तूर्नेल नावाच्या मालकाने आपली वाईन जहाजाने हिंदुस्थानात पाठवली. सांगतात ते असं, की काही पिंपं न विकता परत आली आणि प्रवासात वाईन सुधारली असं त्याच्या लक्षात आलं. मग त्याने पिंपघरच पूर्वेच्या धाटणीचं बांधलं. लोक त्याला सँ-तेस्तेफचा महाराजा म्हणत. आप्पांनी टोपी सारखी केली आणि पिंपघर आहे हे कळल्यावरही त्या दिशेने हात जोडले.

त्याच रविवारी मी आजोबांना जेवायला आणलं. १९८६ ची सातवी बाटली गुरुवारपासून उभी होती. घरात मांस करायचं नव्हतं, आणि आमचं तिखटही वर्ज्य, कारण जुनी वाईन तिखटापुढे गप्प होते. सप्टेंबरात इथे जंगलातली जाड देठाची अळंबी येते. ती लोण्यात परतली, आप्पांसाठी मुगाची खिचडी केली. दोन म्हातारी माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसली. भाषेचा एक शब्द सामाईक नाही. आजोबांनी आप्पांचा हात हातात घेऊन तळवा उलटा केला, नखांच्या कडा पाहिल्या आणि म्हणाले, “बुई बोर्दलेज.” मी भाषांतर करायच्या आतच आप्पा म्हणाले, “व्हय, बोर्डो.”

बूच अख्खं निघालं. आजोबांच्या हाताला तोवर कंप आला होता, त्यामुळे ओतायचं काम माझ्याकडे. गाळ खाली राहावा म्हणून बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती धरतात आणि उजेडात बघत-बघत, एका धारेत, न थांबता सुरईत ओततात. मेणबत्ती कुणी धरायची? आप्पांनी हात पुढे केला. गळ्यात तुळशीची माळ, समोर वाईन, आणि त्यांच्या हातातली ज्योत जराही हलली नाही. मी ओतत होते. काचेच्या मानेतून लालसर उजेड वाहत होता. आजोबा पुढे वाकले होते. बाटली आडवी होत गेली, आणि खांद्याशी काळपट धुरासारखी एक रेघ सरकली.

“थांब,” आप्पा म्हणाले.

आजोबांनी त्याच क्षणी फ्रेंचमध्ये तेच म्हटलं.

आप्पांनी वाईन घेतली नाही. कुणी आग्रहही केला नाही. पण मी ग्लास त्यांच्यापुढे सरकवला तेव्हा त्यांनी तो उचलला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. “निपाणी,” ते म्हणाले. “तंबाखूच्या वखारीचा वास. मी वीस वर्षांचा हुतो, बैलगाडीनं गेलो हुतो तितं.” मी आजोबांकडे वळून सांगायला लागले, पण त्यांनी मधला एक शब्द आधीच उचलला होता. “ताबा!” ते म्हणाले. फ्रेंच तंबाखू. “तंबाखू,” आप्पा म्हणाले. “ताबा, ताबा,” आजोबा म्हणाले, आणि दोघं एकमेकांकडे बघून मान डोलावत राहिले. मेदोकच्या जुन्या वाईनबद्दल जाणकार हाच शब्द पहिल्यांदा काढतात. आप्पांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

ती संध्याकाळ मी अजून मिनिटा-मिनिटाने सांगू शकते. पहिली वीस मिनिटं वाईन मिटलेली होती, थोडी लोखंडी. मग शिसपेन्सिल टोकल्यावर येतो तसा देवदाराचा वास आला. त्याच्या मागून ओला पाला, आणि अळंबीशी तो असा मिसळला की ताटातलं कुठलं आणि ग्लासातलं कुठलं कळेना. साधारण पाऊण तासाने फळ परत आलं, ताजं नव्हे, सावलीत वाळवलेल्या जांभळासारखं. तुरटपणा शेवटपर्यंत होता, पण पाठीच्या कण्यासारखा. रात्री साडेनऊपर्यंत ती तशी राहिली, आणि दहाच्या सुमाराला हळूहळू विझली. आजोबा ग्लासाच्या तळाशी उरलेला शेवटचा थेंब हुंगत बसले होते. त्या पिंपघराच्या मालकाने १९८६ च्या त्या पावसात तोडणी थांबवली तेव्हा सगळं गाव त्याला वेडा म्हणत होतं, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतला दोन बोटं गाळ आप्पांनी चिमटीत घेऊन चोळला. रंगासारखा बोटांना लागला. “साल आन् बीच हाय की,” म्हणाले, आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून आले.

आजोबा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या मुलीला घेऊन आम्ही एक बाटली उघडली. तिच्यात काही दोष नव्हता, पण त्याबद्दल मला काही लिहवत नाही.

ज्या शातोची ही वाईन, तो आता नाही. मालकाच्या वारसांनी जमीन विकली, शेजारच्या मोठ्या मळ्याने ती आपल्यात मिसळली, आणि ते नाव लेबलावर छापायचं बंद झालं. जिरोंदमध्ये तर २०२३ पासून सरकारी अनुदान घेऊन हजारो हेक्टर वेली उपटल्या जात आहेत. लोक कमी पितात, लाल वाईन तर फारच कमी. रस्त्याकडेला मुळांसकट उपटलेल्या बुंध्यांचे ढीग दिसतात. मी गाडी थांबवून त्यांच्यावरची कलमाची गाठ बघते. आमच्याकडेही २०२२ मध्ये भावाने बाग काढली. अवकाळी पावसाची दोन वर्षं लागोपाठ गेली, औषधांचं बिल भरता आलं नाही. तिथे आता ऊस आहे. तास-ए-गणेशच्या त्या वेलींचं आमच्याजवळ काही उरलं नाही. द्राक्ष खाऊन संपतं, बेदाणा वर्षभरात संपतो. कधीकधी वाटतं, आप्पांच्या एखाद्या वर्षाची अशी एक बाटली कुणीतरी तळघरात आडवी ठेवायला हवी होती. पावसाचं, डावणीचं, विळ्याच्या पात्यावरच्या तांबूस झाकेचं ते वर्ष.

१९८६ च्या दोनच बाटल्या राहिल्या आहेत. २०१९ च्या जुलैमध्ये बोर्दोत पारा ४१ अंशांच्या वर गेला, आणि तेव्हापासून आमचं दगडी तळघरही उन्हाळ्यात पूर्वीसारखं थंड राहत नाही. बारा-तेरा अंश असायचं, आता अठरापर्यंत चढतं. परवा बॅटरी घेऊन खाली गेले. एकीची पातळी मानेच्या तळाशी आहे, तिच्या वयाला शोभेशी. दुसरीची खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली आहे. गेल्या वर्षी मी पेन्सिलीने काढलेल्या खुणेपासून बोटभर खाली. बुचाच्या कडेला चिकट थेंब आलेला, काळपट.

रात्री आप्पांचा फोन आला. ते विचारतातच, म्हाताऱ्याच्या बाटल्या कशा आहेत. मी खांद्याचं सांगितलं. ते म्हणाले, “मग कशाची वाट बघतीस? घड गळायला लागल्यावर बाजारभाव बघत बसतात व्हय?”

आज गुरुवार. सकाळी कामावर जाण्याआधी खाली जाऊन तिला उभी करून आले. बाजारात अळंबी आली आहे.